साहेबांची दुसरी बॅटरी

"दाखवा."

उजवा हात पुढे, तळवा वर, आणि हा एकच शब्द. भाजीवाला म्हणाला, मेथी आजचीच आहे, की "दाखवा". डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगला आहे, की "दाखवा". शेजारच्या बाई एकदा सांगायला आल्या, घरी पाहुणे आलेत म्हणून जरा गोंगाट होतोय. तेव्हाही साहेबांचा हात सवयीने पुढे गेला होता. पाहुणे दाखवा!

साहेब एसटीत होते, मार्ग तपासणीच्या पथकात. रस्त्यात मध्येच गाडी थांबवायची, मागच्या दाराने चढायचं आणि एकेकाचं तिकीट बघायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर तो हात काही खाली आला नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला नमस्कार केला तरी तो आपल्या हातात काही लपवलंय का ते आधी बघतो. आमचे साहेब त्यातलेच.

माझं धुळ्यात चाळीसगाव रोडला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. एका सकाळी साहेब पांढरी ट्रॅव्हलर घेऊन दुकानासमोर उभे राहिले. उतरायच्या आधी त्यांनी माझी पाटी वाचली, पुन्हा वाचली, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे काम तुम्ही स्वतः करता, की दुसऱ्याकडून करून घेता?"

"स्वतः करतो."

"कशावरून?"

मी काळे झालेले हात पुढे केले. ते त्यांना पटले असावेत. त्यांनी मागचं दार उघडलं.

आत अख्खं घर होतं. दोघांना झोपता येईल असा बाक, छोटा फ्रीज, शेगडी, पंखा, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. जळगावच्या एका कारागिराकडून त्यांनी ही गाडी बांधून घेतली होती. मी विचारलं, साहेब, एवढा खटाटोप कशाला? जागोजागी लॉज आहेत की.

"लॉजची चादर कोणी धुतलेली असते? पाणी कुठलं असतं? दाराला कडी आतून असते, पण चावी बाहेरच्याकडे असते ना? माणसाने आपल्याच दाराच्या आत झोपावं."

आणि नातेवाईकांची घरं, असं मी म्हणणार होतो. पण बाकावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली.

गाडीत दोन बॅटऱ्या होत्या. पुढची इंजिन चालू करायला. दुसरी मागे, बाकाखाली, घरातल्या दिव्या-पंख्याला. दोघींच्या मध्ये एक रिले. इंजिन चालू असलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि दोन्ही चार्ज होतात. इंजिन बंद झालं की तो त्यांना वेगळं करतो, म्हणजे मागे कितीही दिवे जाळले तरी गाडी सकाळी सुरू होते. साहेबांची तक्रार अशी, की गाडी रोज चालवूनही मागची बॅटरी भरतच नव्हती.

"दिवे गेले तर जाऊ द्या," साहेब म्हणाले. "पण हिचं मशीन चाललं पाहिजे."

अक्कांचा झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टरांनी मशीन दिलं होतं, नाकावर मास्क लावून झोपायचं. ते बंद पडलं की त्या दचकून उठायच्या, ओठ निळसर पडलेले. म्हणून कितीतरी दिवसांत त्या कुठे मुक्कामाला गेलेल्या नव्हत्या. गाडी बांधली त्यामागे चादरींचा संशय होताच, पण हेही होतं.

मी बॅटरी तपासली. ती खरोखर मेलेली होती, एक सेल गेला होता. मी दुसरी बसवली. साहेबांनी जुन्या बॅटरीवर आधीच लाल रंगाची खूण केलेली होती. नवी आली तिच्यावरही त्यांनी माझ्यासमोर खिशातल्या कुपीतून नेलपॉलिशचा टिपका लावला.

"हे काय साहेब?"

"अदलाबदल होते."

"कोण करणार?"

"तेच बघायचंय."

पाचव्या-सहाव्या दिवशी गाडी परत दारात. बॅटरी पुन्हा रिकामी. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांच्या जुन्या बसमधला विनातिकीट प्रवासी झालो.

आता त्यांचा संशय पसरला. जळगावच्या कारागिराने आत जुनी वायर घातली असणार. बॅटरीवाल्याने भंगार रंगवून दिलं असणार. गल्लीतली पोरं गाडीत शिरून मोबाईल चार्ज करत असणार. त्यांनी गाडीच्या कडीला दोरा बांधला, पायरीवर तांदळाचं पीठ भुरभुरलं. सकाळी पिठावर मांजराची पावलं उमटलेली. "मांजर कोणाचं?" त्यांनी गल्लीभर विचारलं. रागावले की त्यांची धुळ्याची बोली उसळून वर यायची. "बठ्ठा चोर शेतस!" सगळेच चोर आहेत, असं ते दारात उभं राहून म्हणायचे, आणि गल्लीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची.

संशय हा खोकल्यासारखा लागतो. गल्लीला साहेबांचा संशय येऊ लागला. एवढ्या बंद पडद्यांच्या गाडीत हा माणूस ठेवतो तरी काय? एकाने मला दुकानात येऊन हळूच विचारलं, "मिस्तरी, आत नक्की फ्रीजच आहे ना?" आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं, की म्हातारा स्वतःच पान्हा घेऊन काहीतरी उलटसुलट करतोय आणि आळ माझ्यावर घेतोय.

मी गाडी त्यांच्याच दारात तपासायला घेतली. टेस्ट लॅम्प लावून रिलेपर्यंत आलो. इंजिन चालू, पण रिले "टक्" करत नव्हता. त्याची अर्थिंगची वायर कारागिराने पत्र्याच्या रंगावरच स्क्रूने आवळली होती, आणि रंगातून करंट जात नाही. हलून हलून ती सैल झाली होती. बॅटरी मुळात भरतच नव्हती, उपाशीपोटीच मेली होती. मी पॉलिश पेपरने रंग घासला, पत्रा चकचकीत केला, वायर घट्ट बसवली. इंजिन सुरू केलं. टक्!

"ऐकलं साहेब?"

"ऐकलं. पण आवाजावर काय जाता? दाखवा."

मी मीटर लावून दाखवलं. व्होल्ट चढत होते. साहेबांनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मला वाटलं, सुटलो.

सुटलो कुठला. आता चालत्या गाडीत बॅटरी भरत होती, पण गाडी चार-पाच दिवस उभी राहिली, की हळूहळू उतरत होती. सगळी बटणं बंद, फ्रीज बंद, तरी उतरत होती. दुपारी अक्का गाडीत मशीन लावून पडल्या, तर थोड्याच वेळात मशीन शिटी वाजवून थांबलं. साहेब त्या दिवशी ओरडले नाहीत. ते गाडीच्या दारात उभे राहून अक्कांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्तरी, इथे कोणीतरी करंट चोरतंय. मला नाव पाहिजे."

मी म्हटलं, देतो नाव.

बॅटरीच्या वायरमध्ये मीटर जोडला. सगळं बंद असताना काटा शून्यावर पाहिजे. नव्हता. म्हणजे कोणीतरी पीत होतं. एकेक फ्यूज काढत गेलो. दिव्यांचा काढला, तसंच. पंख्याचा, फ्रीजचा, मशीनचा. सगळे फ्यूज माझ्या हातात आणि करंट चालूच! म्हणजे कुठलीतरी वायर फ्यूजला चुकवून थेट बॅटरीवरून गेली होती. मी बाकाखाली आडवा झालो. बॅटरीच्या मागच्या अंगाला एक बारीक काळी वायर दिसली. ती कारागिराची नव्हती, माझीही नव्हती. प्लायच्या खालून, गादीच्या कडेने, पडद्याच्या शिवणीतून ती वर गेली होती. मी पडदा सरकवला. फुलाफुलांच्या मध्ये एक काळा डोळा माझ्याकडे बघत होता.

कॅमेरा. सिमकार्डवाला. दिवसरात्र चालू. आणि त्याचं तोंड बरोबर त्या जागेकडे, जिथे मी बसून काम करायचो.

मी खाली उतरलो. साहेब फाटकाशी उभे होते. मी हात पुढे केला, तळवा वर.

"दाखवा."

त्यांना कळलं. मग मोबाईल काढून त्यांनी माझ्या हातात दिला. त्यात मी होतो. मी बाकाखाली वाकलेला, मी कमरेला हात लावून उभा, मी अक्कांच्या गादीवर पाय पसरून चक्क डुलकी काढतोय. आणि एका ठिकाणी मी पक्कड आपटून स्वच्छ शब्दांत म्हणतोय, "हा म्हातारा संशयानेच मरेल एक दिवस." आवाजसुद्धा छान आला होता.

"हे तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यात खोटं काय होतं?"

मला हसू येत होतं आणि रागही. राग मोठा होता. मी सामान पिशवीत भरायला लागलो. म्हटलं, पहिला दोष गाडीचा होता, तो काढला. हा दुसरा दोष तुमचा आहे, त्याला माझ्याकडे पान्हा नाही. तेवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं. त्या हसू लागल्या. हसता हसता धाप लागली, पायरीवर बसल्या. साहेब पाणी आणायला धावले. पाणी पिऊन झाल्यावर अक्का मला म्हणाल्या, "तुम्ही नशीबवान. तुमच्यासाठी निदान पडद्याआड कॅमेरा लावला. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचे खिसे यांनी भर मांडवात तपासले."

साहेब म्हणाले, "हे आत्ता काढायची गरज नाही."

"गरज आहे," अक्का म्हणाल्या. इतक्या दिवसांत मी त्यांचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

त्यांच्या मुलीच्या लग्नात अक्कांची सोन्याची पोत दिसेनाशी झाली होती. सामानाच्या खोलीची जबाबदारी धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे होती, म्हणजे साहेबांच्या साडूकडे. ते पहूरचे शेतकरी. गाव त्यांना आबा म्हणतं. साहेबांनी मांडवात, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर, हात पुढे केला. "खिसे दाखवा." आबांनी सदऱ्याचे खिसे बाहेर ओढून दाखवले. एका खिशातून सुपारी पडली. मग ते बायकोला घेऊन जेवणाच्या आधीच निघून गेले. पोत दोन दिवसांनी घरीच सापडली, साडीच्या घडीत. अक्कांनी बहिणीला फोन केला. साहेबांनी केला नाही. तेव्हापासून दोन्ही घरांचं जाणं-येणं थांबलं.

अक्का सांगत होत्या तेव्हा साहेब गाडीच्या टायरकडे बघत होते. टायरमध्ये काही नव्हतं. सांगून झाल्यावर ते आत चढले, आणि कॅमेरा त्यांनी स्वतःच्या हाताने उपटून काढला. पडद्याची शिवणही उसवली.

काही दिवसांनी ते दुकानात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"बॅटरी टिकते का, बघायला लांब जायचं म्हणतो. पहूरला. तुम्ही पण चला."

"मी कशाला साहेब? आता काही होणार नाही."

"कशावरून?"

मला पुन्हा संशय आला. या माणसाला बॅटरीसाठी मिस्तरी नको होता, दुसरंच काहीतरी होतं. पण अक्कांच्या तोंडाकडे बघून मी निघालो. पारोळा, एरंडोल, जळगाव, मग नेरीवरून खाली. रस्ताभर साहेबांनी तीनदा गाडी थांबवून मागचं दार लागलंय का ते पाहिलं. एरंडोलच्या चहात त्यांना पावडरचा संशय आला. नेरी सोडल्यावर मात्र ते काही तपासेनासे झाले. मी विचारलं, "आबांना कळवलंय का, आपण येतोय ते?" ते म्हणाले, "हिने कळवलंय." थोड्या वेळाने रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "आमच्या खात्यात कोणी सापडलं तर कबुलीवर पंचाची सही लागायची. पंच बाहेरचा लागतो. घरचा चालत नाही."

तेव्हा मला कळलं, मी कशासाठी चाललोय.

घर गावाच्या कडेला होतं, अंगणात निंब. अक्का उतरल्या आणि बहीण ओट्यावरून पळत आली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. नुसत्या बांगड्या वाजत होत्या. साहेब स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"मिस्तरी, बॅटरी बघा."

मी बघितली. "भरलेली आहे साहेब. मीटर दाखवू?"

"नको," ते म्हणाले.

आबा शेतातून आले, मोटरसायकलवर, मागे चाऱ्याचा भारा. उंच, सावळे, डोक्यावर टोपी. फाटकाशी गाडी बंद करून ते तिथेच उभे राहिले. साहेब खाली उतरले. अंगणात एक बाज होती. साहेब तिच्याजवळ गेले आणि त्यांनी खिशातल्या वस्तू एकेक काढून बाजेवर ठेवायला सुरुवात केली. रुमाल. चष्म्याचं घर. गाडीच्या किल्ल्या. कंगवा. गोळ्यांची पट्टी. सगळं काढून झाल्यावर त्यांनी पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर ओढले. पांढरं अस्तर दोन्ही बाजूंना लोंबत होतं. शेजारच्या ओट्यावरची माणसं उठून बघायला लागली.

"पोत घरातच सापडली होती," साहेब म्हणाले. "मी सांगितलं नाही तुम्हाला. हे मिस्तरी साक्षीला आणलेत."

आबांनी चाऱ्याचा भारा खाली टाकला. "भाऊ, काहून असं करता? मले माहीत व्हतं. अक्कानं तव्हाच सांगितलं."

"मग तुम्ही आला का नाहीत?"

"तुमी सांगान म्हून वाट पाहू राह्यलो व्हतो."

माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, तरी मी कुठे बघावं ते मला कळेना. आबा जवळ आले. त्यांनी बाजेवरचा रुमाल उचलला, साहेबांचा उलटा खिसा आत ढकलला आणि रुमाल त्यात ठेवला. मग किल्ल्या. मग कंगवा. लहान मुलाला शाळेत पाठवताना भरतात तसे त्यांनी ते खिसे भरले.

जेवायला वांग्याचं भरीत होतं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. साहेबांनी तेल कुठलं ते विचारलं नाही. पानात काय पडतंय तेही पाहिलं नाही.

झोपायची वेळ झाली तेव्हा बहीण अक्कांना सोडेना. त्यांचं अंथरूण घरातच पडलं आणि मशीन घरच्या विजेवर लागलं. ज्या बॅटरीसाठी मी इतकं डोकं फोडलं तिला काम उरलं नव्हतं. साहेब मात्र गाडीतच झोपायला गेले. मी ओसरीवर आडवा झालो. सकाळी उठून बघतो, तर गाडीच्या खिडकीतून एक लांब वायर अंगणातून, बाजेखालून, घराच्या खिडकीतून आत गेलेली.

आबा दात घासत उभे होते. मी वायरकडे बोट दाखवलं.

"पहाटे लाईट गेली," आबा म्हणाले. "मी उठलो, पाहतो तं भाऊ पिन हातात घेऊन उभे. वायर आधीच टाकून ठेवेल व्हती. मले म्हने, तुमच्या लाईटीवर माझा विश्वास नाही." आबा चूळ भरून हसले. "बरं झालं नव्हता. अक्काले कळलं बी नाही."

त्यानंतर साहेब आणि अक्का खूप फिरले. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन आले, तोरणमाळला राहिले, लेकीकडे गेले. आबा आणि त्यांची बायको पुष्कळदा बरोबर असायचे. साहेब सुधारले असं समजू नका. परत आले की ते दुकानात येऊन तोरणमाळचा मध खरा होता का, यावर अर्धा तास बोलायचे. भर दुपारी फोन यायचा, "मिस्तरी, आज व्होल्ट जरा कमी वाटतात. संशय येतो." मी जायचो. बहुतेकदा काही नसायचं. अक्का चहा करायच्या आणि मी काम करताना साहेब शेजारी बसून बघत राहायचे, उघड, कॅमेऱ्याशिवाय.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. जेवून ओट्यावर पेपर वाचत होते, पेपर खाली पडला म्हणून अक्का बाहेर आल्या, तर मान कलली होती. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं.

दहाव्याला पांझरेच्या काठी गेलो. नदीत पाणी थोडंच होतं. साहेबांना मुलगा नव्हता, सगळं मुलीनेच केलं. पुतण्यांनी केस काढले. न्हावी वस्तरा पुसून सामान आवरायला लागला, तेवढ्यात आबा पुढे आले.

न्हाव्याने विचारलं, "तुम्ही त्यासना कोन?"

"साडू."

"मग तुमले केस काढाना नही लागतस, आबा. साडूले सुतक नसस."

आबांनी टोपी काढून माझ्याकडे दिली. पाटावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली.

"तू काढ," ते म्हणाले.

न्हाव्याने आजूबाजूला पाहिलं. मग त्याने ओंजळभर पाणी आबांच्या डोक्यावर घातलं, आणि दाट पांढरे केस वाळूवर पडायला लागले.